एक जूनला जन्मलेले वडील

टायपिंग सेंटरमधल्या माणसाने दोन्ही पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"मॅडम, पापा का वन जून, मम्मी का भी वन जून. ये कैसे?"

"हमारे तरफ ऐसा ही होता है," मी म्हणाले.

"आपके तरफ ट्विन्स में शादी होता है?"

तो केरळचा होता आणि विनोद करताना चेहऱ्याची रेष हलू द्यायचा नाही. आईवडिलांना पहिल्यांदा दुबईला आणायचं म्हणून मी व्हिसाचा फॉर्म भरायला गेले होते, तेव्हाची ही गोष्ट. मग मी त्याला समजावून सांगितलं. आमच्याकडे त्या पिढीत जन्मतारीख कुणी लिहून ठेवत नसे. मूल शाळेत घालायला नेलं की गुरुजी त्याच्याकडे एकदा बघायचे, वयाचा अंदाज करायचे आणि शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून एक जून टाकून मोकळे व्हायचे. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, फॉर्म टाइप केला आणि प्रिंट माझ्या हातात देताना म्हणाला, "पता है मॅडम. आपके तरफ का बहुत लोग आता है. खाली टाइम पास किया."

म्हणजे एक जूनचं गुपित मला काही नवीन नव्हतं. तरीही मी दर एक जूनला सांगलीला फोन करून वडिलांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देत असे आणि तेही "हां, हां, ठीक आहे" म्हणून घेत. त्यांचा खरा वाढदिवस कधी, हे विचारायचं मला चव्वेचाळीस वर्षांत सुचलं नव्हतं.

यंदा ते एकटेच आले. आईने एकदा इथला मे महिना अनुभवला होता. "त्या भट्टीत मी पुन्हा येणार नाही, तुम्ही जाऊन या," असं सांगून तिने त्यांची बॅग भरून दिली. लेकीच्या घरी जास्त दिवस राहायचं म्हणजे वडिलांना संकोच. जावई अल ऐनला हॉस्पिटलमधली मशीन दुरुस्त करणाऱ्या कंपनीत, आठवडाभर तिकडेच. मी सकाळी जुमेरा लेक टॉवर्सच्या ऑफिसला जाणार, नात शाळेत. मग डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये त्यांनी करायचं काय? त्यावर त्यांनी स्वतःच उपाय काढला. वीज मंडळात चौतीस वर्षं वायरमन म्हणून काढलेला माणूस. पहिल्या आठवड्यात त्यांनी घरातले सगळे प्लग पॉइंट घट्ट करून टाकले. दुसऱ्या आठवड्यात मेन स्विचचा डबा उघडला, तेव्हा मेंटेनन्सचा माणूस वर येऊन हात जोडून म्हणाला, "चाचाजी, कंपनी मना करती है."

मग ते पहाटे फिरायला जाऊ लागले. जूनमध्ये इथे पाच ते सहा हीच काय ती फिरायची वेळ. फिरून आले की मला प्रश्न असायचे.

"इथं तारा कुठून नेल्यात? एक पोल दिसत नाही."

"जमिनीखालून नेल्यात बाबा."

"मग फॉल्ट कसा शोधतात?"

मला सांगता येईना. त्यांना माझी जरा कीव आली असावी.

या फिरण्यात त्यांना एक मित्र मिळाला. पेशावरकडचा टॅक्सी ड्रायव्हर, दाढी पांढरी, साठीच्या पुढचा. ड्युटी संपवून तो आमच्या बिल्डिंगसमोरच्या बाकावर चहा घेऊन बसायचा. वडिलांचं हिंदी सांगलीचं, त्याचं पेशावरचं, पण दोघांचं चांगलं जमलं. एक जूनच्या दिवशी मी केक आणणार होते, ते वडिलांनी त्याला सांगितलं असणार, कारण घरी येऊन म्हणाले, "त्याचा वाढदिवस एक जानेवारीला असतो. त्याच्या अख्ख्या गावाचा एक जानेवारीला असतो."

त्या संध्याकाळी केक कापला. वडिलांनी मेणबत्ती विझवली, टाळ्या झाल्या, "तीन माणसांना एवढा मोठा कशाला आणलास" असं म्हणून त्यांनी दोन तुकडे खाल्ले. विषय संपला.

नंतर आठवड्याभराने माझी लेक शाळेतून प्रोजेक्ट घेऊन आली. ती दहा वर्षांची आहे. मराठी तिला सगळं समजतं, उत्तरं मात्र इंग्लिशमध्ये येतात. प्रोजेक्ट होता फादर्स डेची सुरुवात कशी झाली यावर. संध्याकाळी ती डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून बसली आणि वाचून दाखवू लागली. वडील समोर वाटाणे सोलत होते. मी पोळ्या लाटता लाटता त्यांना मराठीत सांगत होते.

अमेरिकेत एक बाई होती. ती सोळा वर्षांची असताना तिची आई बाळंतपणात गेली. मागे सहा मुलं, त्यात ही एकटी मुलगी. वडील शेतकरी, तरुणपणी लढाईत सैनिक होते. त्यांनी दुसरं लग्न न करता सगळी मुलं वाढवली. पुढे ही मुलगी मोठी झाली, तिचं लग्न झालं, आणि एका रविवारी चर्चमध्ये बसलेली असताना आयांचा दिवस साजरा करण्यावर प्रवचन झालं. तिला वाटलं, आयांना दिवस आहे, मग बापांना का नाही. तिने गावातल्या धर्मगुरूंना गाठून सांगितलं की असा एक दिवस करा आणि तो माझ्या वडिलांच्या वाढदिवसाला करा. तो होता जूनच्या पहिल्या आठवड्यात. धर्मगुरू म्हणाले, कल्पना चांगली आहे, पण इतक्या लवकर आमची प्रवचनाची तयारी होणार नाही. म्हणून मग तिसरा रविवार ठरला.

वडिलांचा वाटाणे सोलणारा हात थांबला.

"म्हणजे त्या बाईला पण तारीख हवी ती मिळाली नाही," ते म्हणाले.

"येस," लेक म्हणाली. "अँड पीपल लाफ्ड. ऑफिशियल व्हायला सिक्स्टी इयर्स लागली."

"आणि तिचा बाप काय म्हणाला?"

लेकीने पान वरखाली करून पाहिलं. "इट डझन्ट से, आजोबा."

"बघ नीट. काहीतरी म्हणाला असेल."

तिने अजून दोन साइट्स उघडून पाहिल्या. बाप काय म्हणाला ते कुठेच नव्हतं. वडिलांनी मान हलवली. आयुष्यभर सगळी कामं सरकारी कागदांवर चालवलेल्या माणसाला कागदात काय लिहायचं राहतं हे चांगलं माहीत असतं.

लेकीचं डोकं मात्र वाढदिवसावर अडकलं होतं. "आजोबा, देन योर बर्थडे इज फर्स्ट जून. इट्स व्हेरी क्लोज."

"तो काय माझा वाढदिवस नाही," वडील वाटाण्याच्या शेंगा गोळा करत म्हणाले. "तो गुरुजींचा. त्या दिवशी आम्ही तिघं गेलो होतो नाव घालायला, मी आणि दोन चुलतभाऊ. तिघंही एक जूनचेच, आणि तिघांचं सालही एकच. त्यातला एक माझ्यापेक्षा वीतभर उंच होता."

लेकीने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी लपवलं आहे. "बट वी हॅड केक. आपण कँडल लावली."

"केक चांगला होता," वडील म्हणाले.

"देन व्हेन वेअर यू बॉर्न?"

"काय माहीत."

हे उत्तर तिला मंजूर नव्हतं. तिच्या वर्गात सगळ्यांना तारीख असते, वेळ असते, जन्माच्या वेळचं वजनही ग्रॅममध्ये पाठ असतं. रात्री झोपायला जाईपर्यंत ती एकच विचारत होती, कुणाला तरी माहीत असेल ना. शेवटी वडील म्हणाले, "अक्काला असेल माहीत. असली तर तिलाच."

अक्का म्हणजे माझी आत्या. वडिलांपेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी, आता ऐंशीच्या घरात. विट्याजवळच्या एका गावात तिला दिलेली, माहेरही तिथून पाच मैलांवर. वडिलांच्या बाजूचं तेवढंच एक माणूस उरलेलं.

इथून व्हॉट्सअ‍ॅपवर कॉल लागत नाही, म्हणून आत्याच्या सुनेला दुसरं अ‍ॅप घ्यायला लावलं. त्यात दोन दिवस गेले. शुक्रवारी माझं ऑफिस अर्ध्या दिवसाचं असतं. दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही तिघं सोफ्यावर बसून कॉल लावला. स्क्रीनवर आत्याचा कान दिसला. सुनेने फोन सरळ धरायला लावला, मग कपाळ दिसलं, आणि ते कपाळ पुढचा अर्धा तास आमच्याशी बोललं.

"अक्का, माझा जन्म कधीचा?" वडिलांनी विचारलं.

"का रं? पेन्शन अडली का?"

"नाही. नात विचारतीय."

"बेंदराच्या आदल्या दिवशीचा."

ती इतक्या सहज म्हणाली की आम्हाला क्षणभर कळलंच नाही. बेंदूर म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण, आषाढात येतो. बैलांना धुतात, शिंगं रंगवतात, पुरणपोळी घालतात. लेकीने लगेच वहीत लिहिलं आणि मला कोपराने ढोसून कुजबुजली, "व्हिच डेट?" मी तिला गप्प केलं, कारण आत्या पुढे बोलत होती.

"दुपार झालेली. आबा गोठ्यात बैलांची शिंगं रंगवत बसलेला." आबा म्हणजे तिचे आणि माझ्या वडिलांचे वडील, माझे आजोबा. "सुईणीनं दारात येऊन सांगितलं, पोरगा झाला. आबा तसाच उठला. हात हुरमुंजानं लाल, कोपरापर्यंत. आजी वरडतीय, सोयर हाय, आत जाऊ नगंस, आरं हात तरी धू. ऐकतंय कोण. गेला आत आन् तुला उचललं. दुपट्यावर लाल पाच बोटं उमटली. आजीनं लई धुतलं ते दुपटं, डाग गेला न्हाई. त्यातच वाढलास तू."

मी वडिलांकडे पाहिलं नाही, समोर टीव्हीच्या काळ्या पडद्यात आमच्या तिघांच्या सावल्या दिसत होत्या तिकडे पाहत राहिले.

वडील नऊ वर्षांचे असताना माझे आजोबा गेले. वडिलांनी आम्हाला त्यांच्याबद्दल सांगितलं ते फार थोडं, आणि ते नेहमी सारखंच. कडक माणूस होता. बोलायचा नाही. मला त्याने जवळ घेतलेलं आठवत नाही, त्या काळात बाप घेतच नसत. हे ते तक्रारीच्या सुरात सांगत नसत. आपल्या गावात पाऊस कमी पडतो, असं सांगावं तसं सांगत. आणि आम्ही भावंडंही तसंच ऐकत आलो होतो.

"हे मला कधी सांगितलं नाहीस, अक्का," शेवटी वडील म्हणाले.

"तू कवा इचारलंस?"

खरं होतं. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. बैल किती होते, दुपटं कुणी शिवलं होतं, आबाने उचलल्यावर काही म्हटलं का. आत्याला काही आठवत होतं, काही नाही. बैल दोन. दुपटं आईच्या जुन्या लुगड्याचं. आबा काही म्हणाला नाही, नुसता उभा राहिला. मधेच तिच्या सुनेच्या फोनची बॅटरी संपली.

लेकीने गूगलवर शिंगांना लावायचं ते लाल हुरमुंज शोधलं, काव शोधली, बैलांच्या शिंगांचे फोटो पाहिले. तारीख मात्र काढता येईना, कारण बेंदूर तिथीने येतो आणि जन्माचं सालच नक्की नव्हतं. सालही गुरुजींनीच टाकलेलं. तिने तीन सालांचं पंचांग पाहिलं, तीन वेगळ्या तारखा आल्या. मला वाटलं ती चिडेल, पण तिने तिन्ही वहीत लिहून ठेवल्या.

संध्याकाळी नवरा अल ऐनहून आला. त्याला दारातच सगळी गोष्ट सांगितली गेली, अर्धी मराठीत, अर्धी इंग्लिशमध्ये. बूट काढता काढता त्याने ऐकली आणि म्हणाला, "छानच. पण रविवारी फादर्स डे आहे, त्यात माझं काही आहे का?"

लेकीने हिशेब आधीच केला होता. शाळेत अरबी शिकवणाऱ्या टीचरने सांगितलं होतं की इथे अरबांकडे बापांचा दिवस एकवीस जूनला असतो. "धिस संडे इज आजोबाज. पप्पा, यू गेट ट्वेंटी-फर्स्ट. इट्स ऑल्सो रिअल."

"एकवीसला मी अल ऐनला असेन."

"आय विल कॉल."

"यल्ला, चालेल," तो म्हणाला आणि जेवायला बसला.

रविवारी केक आणायचा नाही, हे वडिलांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मी पुरणपोळी केली. सांगलीहून आई फोनवर पुरण किती घट्ट हवं ते सांगत होती आणि मधून मधून, "उगीच त्या बैलांच्या सणाचं आत्ता कशाला काढलंत," असंही म्हणत होती. लेकीने कार्डावर लाल रंगाचे दोन बैल काढले होते. बैल उंटासारखे दिसत होते, कारण तिने जवळून उंटच पाहिले आहेत. वडिलांनी ते कार्ड बराच वेळ हातात धरलं, मग चष्म्याच्या डबीखाली ठेवलं.

शाळेतही तिचा प्रोजेक्ट गाजला. अमेरिकन बाईवर दोन पानं आणि बैलांच्या शिंगांवर एक पान, हे बघून टीचरने विचारलं की याचा विषयाशी काय संबंध. लेक म्हणाली, त्या बाईला वडिलांचा वाढदिवस हवा होता आणि दुसरीच तारीख मिळाली, माझ्या आजोबांचंही तसंच झालं. टीचर हसली आणि म्हणाली की केरळला तिच्या वडिलांची तारीखही शाळेनेच दिली आहे, मे महिन्यातली शेवटची कुठलीशी. दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग घरून विचारून आला. एका सुदानी मुलाचे आजोबा एक जानेवारीचे निघाले.

मला हे सगळं गमतीचं वाटत होतं. वडिलांच्या मनात काय चाललंय, ते मला बुधवारी कळलं. रविवारच्या दोन पोळ्या फॉइलमध्ये गुंडाळून ते पहाटे बाकावर घेऊन गेले होते. त्या ड्रायव्हरने विचारलं, हे काय. वडील म्हणाले, मीठी रोटी, अंदर दाल है. डाळ गोड कशी असते, यावर आधी थोडी चर्चा झाली. मग त्याने खाल्ली, आवडली, आणि वडिलांनी त्याला दुपट्याची गोष्ट सांगितली.

"मग काय म्हणाला तो?" मी ऑफिसची बॅग भरता भरता विचारलं.

"म्हणाला, चाचा, आपका नसीब अच्छा है. मला विचारायचं असेल तर कुणाला विचारू? जो जानते थे, सब गए." वडील खुर्चीत बसले. मग म्हणाले, "माझं तिकीट अलीकडचं करता येईल का?"

त्यांचं तिकीट जुलैअखेरचं होतं. बेंदूर त्याच्या तीन आठवडे आधी येत होता.

मला वाईट वाटलं, हे खोटं सांगणार नाही. ते आले तेव्हापासून मी मनाशी ठरवत होते की शाळेला सुट्टी लागली की त्यांना अल ऐनला न्यायचं, खजुराच्या बागा दाखवायच्या, डोंगरावर गाडीने जायचं. दोन वर्षांनी आलेला बाप, तोही लवकर निघाला. मी जरा तुटकपणेच म्हणाले, "आत्या फोनवर आहेच की. रोज लावून देते."

"फोनवर कपाळ दिसतं," ते म्हणाले. "अक्का ऐंशीची झाली."

मी लॅपटॉप उघडला आणि तिकीट बदललं. अल ऐनला मात्र आम्ही जाऊन आलो, ते निघायच्या आधीच्या शनिवारी. खजुराच्या बागेत सावली दाट होती, पाटाचं पाणी वाहत होतं आणि घडांना पिवळा रंग यायला लागला होता. वडिलांनी पाट कुठून येतो, पाणी कसं वाटून देतात, हे जावयाला विचारून भंडावून सोडलं. जावयाने माहीत नसलेली उत्तरंही आत्मविश्वासाने दिली. परत येताना गाडीत लेक त्यांच्या खांद्यावर झोपली आणि त्यांनी दीड तास खांदा हलवला नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात ते गेले. सांगलीला एक रात्र राहून थेट आत्याकडे. बेंदराच्या संध्याकाळी त्यांचा फोन आला, तोही त्यांनी स्वतः लावलेला. एरवी ते फोनवर तीन वाक्यं बोलतात, त्यात एक हवामानाचं असतं. त्या दिवशी पाऊण तास बोलले.

आत्याकडे आता बैल नाहीत, ट्रॅक्टर आहे. बाजारातून मातीचे बैल आणून पूजा केली. दोन दिवस ते आत्याजवळ ओट्यावर बसून होते. आता ती म्हणत होती की जन्म दुपारचा नाही, दिवस मावळतानाचा, आणि आदल्या दिवशीचा नाही, बेंदराच्याच दिवशीचा.

"मग खरं कोणतं?" मी विचारलं.

"ते राहू दे. आबाला पोहता येत नव्हतं, तुला माहीत आहे? सगळी पोरं विहिरीत उड्या मारायची आणि हा काठावर कपडे सांभाळत बसायचा. मला आत्ता कळलं." त्यांच्या आवाजात असा हुरूप मी फार दिवसांनी ऐकला. "आणि कडक नव्हता म्हणे. लाजाळू होता. चार माणसांत बोलायला लाजायचा, म्हणून गप्प असायचा. अक्का म्हणते, घरात गाणी म्हणायचा, दळायला बसलेल्या आईला चिडवायला."

"तुम्हाला आठवतं का काही?"

"आठवल्यासारखं वाटतंय. पण ते अक्काने सांगितलं म्हणून असेल." मागे कुणीतरी त्यांना जेवायला हाक मारली. "मी आणखी चार दिवस इथंच राहतोय. तुझ्या आईला तू सांग."

मी सांगलीला फोन लावला आणि आईला सांगितलं. ती म्हणाली, "राहू देत. रक्तदाबाच्या गोळ्या नेल्यात का, तेवढं विचार."